कृपाच्या शंका, आष्टीची वाट

जानेवारीतल्या एका दुपारी वर्ध्याहून दादाचा फोन आला. दुकानाचं, थंडीचं आणि वहिनीच्या गुडघ्यांचं बोलून झालं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “अवं, तुयी ती कृपा दिसलती मले. आष्टीले राह्यते म्हणे आता. शाळेत शिकवते. तुयाबद्दल विचारत होती.”

“काय विचारत होती?”

“बरी आहे का म्हणे. बस, तेवढंच.”

मी नाशिकला असते. या ब्लॉगवर आजवर घाट, धबधबे आणि कुठे काय चांगलं खायला मिळतं, एवढंच लिहीत आले. ही सहल तशी नाही. पण ज्यांना वर्धा जिल्ह्यात, वर्ध्याच्याही पुढे जायचं असेल, त्यांना रस्त्याची माहिती यात मिळेल. बाकीचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दादाचा फोन झाला त्याच संध्याकाळी मी तिकीट काढून आणलं. नवऱ्याला सांगितलं, “चार दिवस वर्ध्याला जाऊन येते.” तो म्हणाला, “अचानक?” अचानक नव्हतंच ते. बारा वर्षं झाली होती.

गाडी सकाळी वर्ध्याला पोचली. स्टेशनबाहेर पहिला नाश्ता तर्रीपोह्यांचा करा. तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, थोडी कमी मागा, नाहीतर दुपारपर्यंत पाणी पीत बसाल. मी कमी मागितली नाही. माहेरच्या तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तर कोणी काही विचारत नाही, ही त्यातली सोय.

कृपाचं जुनं घर आधी पाहावं म्हणून रिक्षावाल्याला पिपरी मेघेला चल म्हटलं.

“पिपरीत कुठी?” त्यानं विचारलं.

मला सांगता येईना. कृपाचं घर होतं तेव्हा खुणेला एक विहीर होती आणि तिच्यामागे तुरीचं शेत. आता सगळीकडे स्लॅबची घरं, ब्यूटी पार्लरच्या पाट्या, दारात स्कूट्या. दोन फेऱ्या मारल्या. विहीर सापडलीच नाही.

“मॅडम, बुजवली असन कवाचीच,” तो म्हणाला. “इथं आता पाणी नळाचं येते.”

कृपा कोण, हे आता सांगायला हवं. आमचं वर्ध्यात कापडाचं दुकान. घरात देवघर भरलेलं. लहानपणी मी ज्या शाळेत जायचे तिथे वर्गाच्या भिंतीवर येशूचं चित्र होतं, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हाताने दार ठोठावणारा. मी त्या चित्राच्या प्रेमात पडले. कोणीतरी दाराबाहेर उभं आहे, आत यायला परवानगी मागतंय, असा देव मी तोवर पाहिला नव्हता. तशी एक छोटी तसबीर मी आणली, तर आईने देवघरात जागा करून दिली. “राहू दे, त्यालेही बसायले जागा पाहिजेच न,” म्हणाली.

कॉलेजात कृपा भेटली. दोघींचा विषय इतिहास. तिचे वडील सुवार्तिक, म्हणजे गावोगाव जाऊन ख्रिस्ताची गोष्ट सांगणारे. ते आष्टीकडे फिरतीवर असायचे आणि पोरीच्या शिक्षणासाठी मायलेकी पिपरीत राहायच्या. मला वाटलं, आता हिच्याकडून सगळं नीट कळेल. झालं उलटंच. मी भाविक निघाले आणि सुवार्तिकाची मुलगी शंकेखोर.

ब्याण्णव सालचा नाताळ असेल. चर्चमध्ये मुलांचं नाटक होतं. एका बाजूने मेंढपाळ आले, दुसऱ्या बाजूने तीन ज्ञानी लोक आले, आणि गव्हाणीपाशी दोघांची अशी टक्कर झाली की एका ज्ञानी राजाचा मुकुट घरंगळत आमच्या पायाशी आला. सगळे हसले. कृपा माझ्या कानाशी म्हणाली, “भिडणारच न. हे दोघं एकमेकांले कधी भेटलेच नाई. येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं आहेत; एकात मेंढपाळ येतात, दुसऱ्यात ज्ञानी लोक. एकात माय-बाप लेकरू घेऊन इजिप्तले पळतात, दुसऱ्यात आरामात घरी जातात. आपण दोन्हीची खिचडी केली.”

मला ते मुळीच आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तिच्या गच्चीवर हजर होते, भांडायला.

त्यानंतर दोन वर्षं ती गच्ची हेच आमचं खरं कॉलेज होतं. ती म्हणायची, येशूबद्दलचं सगळ्यात जुनं लिखाण म्हणजे धर्मप्रचारक पौलाची पत्रं, आणि तो तर येशूला जिवंतपणी भेटलाच नव्हता. शुभवर्तमानं आणखी मागाहूनची, ग्रीक भाषेत. येशू बोलायचा अरामी. मग त्याचे शब्द कोणी ऐकले, कोणी लक्षात ठेवले, कोणी भाषा बदलली? येशूच्या जन्माच्या वेळी म्हणे सगळ्यांना शिरगणतीसाठी पूर्वजांच्या गावी जावं लागलं, त्याचंच घे, ती म्हणायची. पणजोबाच्या पणजोबाच्या गावी जाऊन नाव लिहा, असं कोणतं सरकार सांगतं? जनगणनेसाठी आपल्याला कोणी राजस्थानात पाठवलं होतं का? (आमचे पूर्वज तिकडचे.) मी चिडायचे. “मग सगळं खोटंच का?” ती म्हणायची, “खोटं काऊन? लोकायले जे फार पाहिजे असते, थे लोक लिहितात. खोटं वेगळं आणि हे वेगळं.”

मी तिच्याएवढं वाचलेलं नव्हतं, म्हणून नेहमी हरायचे. तरी घरी येताना सायकलवर मन हलकं असायचं. इतक्या गांभीर्याने माझ्याशी त्याआधी कोणी बोललं नव्हतं.

पंचाण्णव साली आई आजारी पडली. मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नव्हते, त्यावरूनच सगळं कळत होतं. कृपा दवाखान्यात आली. मी तिला व्हरांड्यात नेलं आणि म्हणाले, “आईसाठी प्रार्थना कर. तुला येते. तू लहानपणापासून करत आलीस.”

ती म्हणाली, “मंगल, मले येत नाई वं आता. आतून येत नाई. तुया मायसाठी मी खोटं नाई बोलणार.”

“दोन वाक्यं बोलायला काय जातं?”

“तेच त जाते,” ती म्हणाली.

मी तिला निघून जायला सांगितलं. चौथ्या दिवशी आई गेली. कृपा तेराव्याला आली होती म्हणे, दुकानाच्या ओट्यावर बसून गेली. मी आतून बाहेर आले नाही. वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी नाशिकला आले. ती तसबीर मी वर्ध्यातच राहू दिली.

तर, आष्टी. वर्ध्याहून एसटी आर्वीमार्गे जाते. तीन तास धरून चला, आर्वीला गाडी बराच वेळ थांबते. तिकीट साठेक रुपये. बीडकडेही एक आष्टी आहे, पण इथल्या कंडक्टरला नुसतं आष्टी म्हटलं तरी पुरतं. डाव्या खिडकीला बसा. आर्वीनंतर संत्र्याचे बगीचे लागतात आणि या दिवसांत झाडं फळांनी वाकलेली असतात. रस्त्यात कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली तर ड्रायव्हर शिव्या देईल. तुम्ही खाली उतरून पाय मोकळे करा.

शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर कोंबडीची टोपली. “कोणाकडे चालली वं?” त्यांनी विचारलं.

“कृपाबाईकडे. शाळेत शिकवतात त्या.”

“अच्छा, थे येशूवाली मास्तरीन! माया नातवाले शिकवते. चांगली शिकवते, पण पोट्टं घरी येऊन लय विचारते. आजी, तुले कसं मालूम? आजी, तू पाह्यलं का?” त्यांनी कपाळावर हात मारला. “आता मी काय सांगू, म्या पाह्यलं का म्हून?”

मी खिडकीकडे तोंड करून हसले. आपण योग्य माणसाकडे चाललो आहोत, याची खात्री पटली.

बेचाळीसच्या हुतात्म्यांच्या स्मारकावरून पुढे गेलं की उजवीकडच्या गल्लीत तिचं घर. दार उघडंच होतं. ती अंगणात वह्या तपासत बसली होती. केस अर्धे पांढरे झालेले, चष्मा जाड. तिने वर पाहिलं, आणि पेन तसंच हातात राहिलं.

“कधी आली?” ती म्हणाली.

“आत्ताच. एसटीनं.”

“पाणी घे आधी.”

बारा वर्षांचं एवढंच स्वागत. मी पाणी प्यायले. आतून आवाज आला, “कोण आलं, कृपा?”

“मंगल आली, बाबा. वर्ध्याची.”

तिचे बाबा काचबिंदूने पूर्ण आंधळे झाले होते. मी त्यांना पूर्वी एक-दोनदाच पाहिलं होतं. सायकलवरचा उंच माणूस, कॅरियरला पेटी बांधलेली. आता खाटेवर बसलेले होते आणि खाटेएवढेच उरले होते. तिची आई गेल्यावर कृपा वर्ध्यातली नोकरी सोडून त्यांच्यासाठी इथे आली होती. लग्न केलं नाही. हे सगळं तिने मला चहा गाळता गाळता चार वाक्यांत सांगितलं आणि माझ्या मुलीचं नाव विचारलं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास तिने खुर्ची खाटेजवळ ओढली आणि जाड, कडा झिजलेलं पुस्तक उघडलं. रोजचा नेम, तिने मला सांगितलं. बाबांना आता वाचता येत नाही, म्हणून ती वाचते. चारांपैकी सगळ्यात जुनं मानलं जाणारं शुभवर्तमान संपत आलं होतं. तिचा आवाज पूर्वीचाच, शब्द सुटे करून बोलणारा. बायका पहाटे कबरीपाशी जातात. दगड बाजूला झालेला असतो. आत कोणी तरुण सांगतो की तो इथे नाही. बायका घाबरून पळतात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत.

तिथे कृपा थांबली. पुस्तक मिटायला लागली.

“पुढचं वाच,” बाबा म्हणाले.

“बाबा, पुढचं मागून कोणीतरी जोडलं आहे. जुन्या प्रतीत नाई थे. गोष्ट इथंच संपते.”

“मालूम आहे मले. पंधरा वर्षांपासून सांगून राह्यली तू.” म्हाताऱ्याने उशीला टेकून मान सावरली. “ज्यानं जोडलं त्यालेही काईतरी पाहिजे असन न, पोरी. बायका पळून गेल्या आन् गोष्ट संपली, हे त्याले सोसवलं नसन. वाच.”

मला वाटलं ती वाद घालेल. तिने पान उलटलं आणि उरलेल्या ओळीही तशाच स्वच्छ आवाजात, एकही शब्द न गिळता वाचल्या. बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. आष्टीची ख्रिस्ती मंडळी म्हणजे दहा-बारा घरं. पाळक, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एकदाच येतात, बाकी रविवारी कृपा वाचन करते. उपासनेनंतर बाहेर एका बाईने मला हळूच सांगितलं, “आमची कृपाबाई मानत नाई वं काई. पण वाचते किती सुद्द! मानणाऱ्यायले असं वाचता येत नाई.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता. तिला ते साधं वाटत होतं.

तिथून आम्ही दोघी संत्र्याच्या बगीच्याकडे चालत गेलो. तिच्या विद्यार्थ्याच्या बापाचा बगीचा. कोणाच्याही बगीच्यात विचारून शिरा, दोन संत्री कोणी नाकारत नाही; आम्हाला तर टोपली दिली. बांधावर बसून सोलताना मी शेवटी विचारलं, “इतकी वर्षं शोधलंस. उरलं काय त्यातून?”

तिने फोड तोंडात टाकली, बी थुंकली. “गालीलातला एक माणूस उरते. नदीवर दुसऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला. आपला गुरू दुसऱ्यापुढं वाकला, हे शिष्य मनानं काऊन लिहितीन? मंग वधस्तंभावर मेला. थे त लाजेची मौत होती, चोरा-बंडखोरायची. रचायचंच असतं त चांगलं काई रचलं असतं. म्हून वाटते, हे झालं असन. आन् गरिबायबरोबर जेवत होता, असंही वाटते. बाकी मले सांगता येत नाई.”

“एवढंच?”

“एवढं आहे न,” ती म्हणाली. मग बराच वेळ सालीचे तुकडे करत राहिली. “मले त त्याच्यापेक्षा त्याच्या मागची पहिली माणसं जवळची वाटतात. त्यायले पक्कं वाटत होतं, थो लवकर परत येणार. आपण जिवंत असतानाच येणार. मंग त्यायच्यातले एकेक मरायले लागले. मागचे घाबरले. हे गेले, आता थो आल्यावर मेलेल्यायचं काय होईन? त्यायले समजावायले पत्रं लिहावी लागली. पाह्य, केवढी वाट पाहात असतीन.”

“आणि तो आला नाही.”

“नाई आला. पण वाट पाह्यता पाह्यता त्यायनं एकमेकांले जेवू घातलं. विधवायले सांभाळलं. सकाळी उठून पुन्हा वाट पाह्यली.” तिने चष्मा काढून पदराने पुसला. “तुले वाटत असन मले आनंद होते शंका काढून. मले थो पाहिजे होता, मंगल. तुयापेक्षा जास्त पाहिजे होता. मी त त्याच्या घरातच वाढली होती.”

मला तिचा हात धरायचा होता. माझे हात संत्र्याने चिकट झाले होते, असं कारण मी तेव्हा मनाला दिलं. आईचं नाव दोघींपैकी कोणीच काढलं नाही.

दुपारी गोळाभात जेवलो. चण्याच्या डाळीचे गोळे, वरून फोडणीचं तेल. हे हॉटेलात मागू नका, कोणाच्या घरी मिळालं तरच खा. जेवणानंतर कृपा शेजारून माझ्यासाठी पिशवी आणायला गेली. मी बाबांजवळ बसले होते.

“तुया मायचं नाव सुशीलाबाई होतं न?” ते एकदम म्हणाले.

मी चमकले. “हो. तुम्हाला कसं माहीत?”

“कृपानं सांगितलतं. तुयी माय दवाखान्यात होती तवा. सकाळच्या पहिल्या गाडीनं आलती इथं. दारातच म्हणे, बाबा, मायानं होत नाई, तुमच्यानं होते. तुमी करा. तिचं नाव सुशीलाबाई आहे, नावानं करा.” त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “मी गुडघ्यावर बसलो. थे बाजूले बसली, डोये उघडे ठेवून. तीन दिवस केली मी. नाई वाचली तुयी माय. मले लय वाईट वाटलं, पोरी.”

मी खुर्ची खाटेजवळ ओढली.

“तिनं तुले सांगितलं नाई?”

मी मान हलवली. मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही. “नाही,” म्हणाले.

“मंग मीही नाई सांगितलं, असंच समज. तिले आवडणार नाई. म्हणन, बाबा, त्यात मायं काय होतं.”

दारात चपला वाजल्या. कृपा पिशवी घेऊन आली, त्यात संत्री भरायला लागली. मी तिच्याकडे पाहत राहिले. माझ्या आईसाठी ती रिकाम्या हाताने गेली नव्हती. जे तिच्याजवळ नव्हतं ते जिथे होतं तिथे ती तीन तासांचा प्रवास करून मागायला गेली होती, आणि तिच्या पाठीमागे मी लोकांना सांगत फिरले की तिला काळीज नाही.

एसटी साडेतीनची. उशिरा आली. स्टँडवर ती पिशवीचं तोंड पुन्हापुन्हा बांधत होती. गाडी लागल्यावर म्हणाली, “पोचल्यावर फोन करजो. शेजारी आहे फोन, बोलावतात मले.” मी नंबर लिहून घेतला, हो म्हटलं. एसटी वळली तेव्हा ती अजून उभी होती. पण निरोपाचा हात तिने केला नाही. आपल्याकडे तसा कोणी करतही नाही.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. संत्री संपली. नवऱ्याने विचारलं, “मग, मिटलं का भांडण?” भांडण मिटायला कोणीतरी काहीतरी बोलावं लागतं. माझं देवावरचं मन परत आलं का, असं कोणी विचारलं तर, नाही. दारात उभं राहून वाट पाहणारा तो आता मला खरा वाटत नाही. पण तो मला हवा होता, ते हवंपण अजून आहे, आणि ते माझ्या एकटीचं नाही, हे आष्टीला कळलं. तुमच्यापैकी कोणी वाचकाने जावं का? जा. थंडीत जा. बघायला फार काही नाही.

पोचल्याचा फोन मी दादाकरवी केला होता. स्वतः केला नव्हता. गेल्या रविवारी माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेच्या धड्यावरून विचारू लागली, “आई, येशू खरंच होता का?” मी म्हटलं, “होता असं वाटतं. पुढचं मला नाही येत. कृपामावशीला विचार.” आणि नंबर फिरवला. शेजारच्यांनी तिला हाक मारली. मी रिसीव्हर मुलीच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

मला एकच बाजू ऐकू येत होती. “म्हणजे कोणी लिहिलं ते माहीतच नाही?” मग, “मग तुम्हाला कसं माहीत?” मग बराच वेळ नुसतं, “हं... हं...” मग मुलगी खळखळून हसली. पाऊण तास झाला. शेवटी तिने रिसीव्हर माझ्याकडे धरला. “मावशी म्हणतेय, आता तू बोल.”

काय बोलायचं ते मी तीन आठवडे ठरवत होते. पहिल्या गाडीचं बोलायचं होतं, सुशीलाबाई या नावाचं बोलायचं होतं. रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे शेजारच्यांच्या घरातली भांडी वाजत होती आणि ती श्वास घेत होती.

“कृपा,” मी म्हणाले, “जेवलीस का?”

“नाई अजून,” ती म्हणाली. “घाई नाई. बोल तू.”